नौकेचे आधिपत्य कोणाकडे असावे?

नांदेडच्या गोवर्धन घाटावर उभे राहून जो गोदावरीचा प्रवाह आपण नित्य पाहतो, त्याच नावाची एक युद्धनौका बत्तीस वर्षे हिंदी महासागरात संचार करीत होती, ही गोष्ट आपल्या शाळेतील किती मुलांस ठाऊक असेल, याविषयी आम्हांस शंकाच आहे. १० डिसेंबर १९८३ रोजी ती नौदलात दाखल झाली व २३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईस तिचा ध्वज उतरविण्यात आला. इंग्रजी लिअँडर जातीच्या फ्रिगेटचा मूळ आराखडा घेऊन तो आपल्याच नौदलातील आरेखकांनी वाढविला, त्यावर रशियन क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य यंत्रे व स्वदेशी उपकरणे एकत्र बसविली, दोन सी-किंग हेलिकॉप्टरे राहतील एवढी जागा केली, आणि मुंबईच्या माझगाव गोदीत ती बांधून काढली. एकमेकांची भाषा न समजणारी ही यंत्रे एका नौकेत नांदविणे हे काम सोपे नव्हते. ते आपल्या लोकांनी केले, याचा अभिमान वाटावा तितका थोडाच.

परंतु आज आम्ही त्या नौकेची स्तुती करण्यासाठी लेखणी हाती घेतलेली नाही. ज्या आरेखकांनी ती नौका कल्पिली व ज्या अभियंत्यांनी तिची एंजिने बत्तीस वर्षे जिवंत ठेविली, त्यांपैकी एकासही तिचा कप्तान होता आले नसते. त्यांची योग्यता कमी होती म्हणून नव्हे. ते ज्या दारातून नौदलात शिरले, ते दार कप्तानाच्या खोलीकडे जात नाही म्हणून. ही व्यवस्था न्याय्य आहे काय, आणि तिच्यापासून आपल्या मुलांनी व त्यांच्या पालकांनी काय समजून घ्यावे, याचा विचार करावयाचा आहे. ज्या लातूर शहरास २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या मुलुखातील माणसाने आरमारासंबंधी मत द्यावे, याचे कोणास हसू आले तरी आम्ही राग मानणार नाही. आमच्या वर्गातून समुद्रावर जाऊ पाहणारी मुले निघतात, एवढा अधिकार आम्हांस पुरेसा आहे.

या लेखाचे निमित्त असे घडले. दहावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ शेतकरी, मुलाविषयी मोठी आस्था. म्हणाले, "सर, पोराला नेव्हीत घालायचं म्हणतो. आधी इंजिनिअर करतो, मंग धाडतो. पगार बी तोच अन् मान बी तोच, न्हाई का?" मुलगा बाजूस उभा होता. त्यास विचारले, "तुला काय व्हायचे आहे?" तो खाली पाहून म्हणाला, "मला जहाज चालवायचं आहे, सर." पिता व पुत्र एकच गोष्ट बोलत आहेत अशी दोघांचीही समजूत होती. त्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्यांस त्या दिवशी प्रथम कळले. आणि खरे सांगावयाचे तर, ते नीट समजावून सांगता यावे म्हणून आम्हांसही पुढे पुष्कळ वाचावे लागले.

नौदलातील अधिकारी मुख्यतः चार शाखांत वाटलेले असतात: कार्यकारी, अभियांत्रिकी, विद्युत आणि शिक्षण. वैद्यकीय अधिकारी निराळ्या सेवेतून येतात. अभियांत्रिकीवाल्यांचे शिक्षण लोणावळ्याच्या 'शिवाजी' या तळावर होते. हा तळ १९४५ साली स्थापन झाला. विद्युत शाखेचे विद्यापीठ म्हणजे जामनगरचा 'वलसुरा' तळ. कार्यकारी शाखेतील तरुण मात्र प्रथम समुद्रावर जातो, ब्रिजवर पहारा करण्यास शिकतो आणि त्या कामाचे प्रमाणपत्र मिळवितो. ब्रिज म्हणजे जहाज जेथून चालविले जाते ती उंचावरील जागा. त्यानंतर तो एखाद्या विषयात विशेष शिक्षण घेतो: कोणी तोफखान्यात, कोणी नौकानयनात, कोणी संदेशवहनात, कोणी पाणबुडीविरोधी युद्धात, कोणी पाणबुडीवर जातो, कोणी वैमानिक होतो, कोणी समुद्राचा तळ मोजणारा जलमापक होतो. युद्धनौकेचे आधिपत्य या शाखेकडेच असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बढती निराळी आणि आधिपत्य निराळे. कमांडर या हुद्द्यापर्यंतची बढती २००४ सालापासून ठरावीक सेवेनंतर मिळते: दोन वर्षांनी लेफ्टनंट, सहा वर्षांनी लेफ्टनंट कमांडर, तेरा वर्षांनी कमांडर. खरी निवड कॅप्टनच्या हुद्द्यापासून सुरू होते, आणि तेथून वर चढणारी शिडी अरुंद होत जाते. अभियांत्रिकी शाखेचा अधिकारीही या शिडीने चढून व्हाइस ॲडमिरल होऊ शकतो, दिल्लीस बसून साऱ्या नौदलाच्या यंत्रसामग्रीचा कारभार पाहू शकतो. तेव्हा 'पगार बी तोच अन् मान बी तोच' हे त्या गृहस्थांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. परंतु मुलाने जे मागितले होते, ते या शिडीवर कोठेच ठेवलेले नाही. (कॅप्टन हा शब्दही मोठा फसवा आहे. तो हुद्दाही आहे आणि कामही आहे. लहान गस्तनौकेवरील लेफ्टनंट कमांडर हा त्या नौकेचा कप्तानच; उलट कॅप्टन हुद्द्याचा अभियंता जन्मभर कोणत्याही नौकेचा कप्तान नसतो.)

पुष्कळांस असे वाटते की, एका विषयात खोल शिरलेला मनुष्य आधिपत्यास निरुपयोगी होतो. सर्व विषयांचे थोडे थोडे जाणणाराच पुढे जातो. नौदलाचा इतिहास पाहता हे मत टिकत नाही. १९८४ ते १९८७ या काळात नौदलप्रमुख असलेले ॲडमिरल ताहिलियानी हे वैमानिक होते; 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवर प्रथम विमान उतरविणारे हिंदी वैमानिक तेच. त्यांच्यामागून आलेले ॲडमिरल जयंत गणपत नाडकर्णी हे आपले मराठी गृहस्थ नौकानयनात निष्णात होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९८८ साली, मालदीवमधील बंड मोडण्याच्या कामी आपल्या नौका धावून गेल्या. नंतरचे ॲडमिरल रामदास संदेशवहनातले. १९९३ साली आलेले ॲडमिरल शेखावत हे १९७१ च्या युद्धात 'करंज' या पाणबुडीचे कप्तान होते. ॲडमिरल सुशील कुमार जलमापक होते, ॲडमिरल अरुण प्रकाश वैमानिक, ॲडमिरल हरिकुमार तोफखान्यातले, आणि २०२४ साली सूत्रे घेणारे ॲडमिरल त्रिपाठी हे संदेशवहन व इलेक्ट्रॉनिक युद्ध यांतले. म्हणजे कार्यकारी शाखेच्या दारातून आत गेल्यावर मनुष्य तोफा शिको, तारे शिको की पाणबुडी शिको, कोणत्याही विद्येने त्याची वाट अडविलेली नाही. वाट अडते ती दाराशी. आजवर एकही अभियंता नौदलप्रमुख झालेला नाही, आणि हल्लीच्या नियमांत होणेही शक्य नाही.

मग विशेष विद्या आधिपत्याच्या आड येतच नाही काय? येते, परंतु निराळ्या रीतीने. जो अधिकारी आपल्या विषयात इतका रमतो की शाळा, प्रयोगशाळा व कार्यालये यांतच त्याची वर्षे जातात, त्याच्या खाती समुद्रावरील दिवस कमी पडतात. निवडीच्या वेळी आधी समुद्रावर आधिपत्य केल्याचा अनुभव फार मोलाचा ठरतो, आणि आमच्या मते तो ठरावा हेच योग्य. कारण जहाज चालविणे ही विद्या ग्रंथांत सापडत नाही. मध्यरात्री बारा ते चार या पहाऱ्यात, पावसाने समोरचे काही दिसत नसता, दोन मासेमारी होड्यांचे दिवे आणि एका व्यापारी जहाजाचा दिवा यांमधून वाट काढताना, कोणता दिवा आपल्यावर चालून येत आहे हे ओळखणारा डोळा वर्षानुवर्षांच्या जागरणानेच तयार होतो. आपल्या कोकणातील तांडेलास हे पुस्तकावाचून ठाऊक असते. शिवछत्रपतींनी आपले आरमार ज्यांच्या हाती दिले ते दर्यासारंग आणि मायनाक भंडारी हे पाण्यावर वाढलेले पुरुष होते, राजदरबारात वाढलेले नव्हते.

कप्तानाच्या अंगी या डोळ्याखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात, आणि त्यांची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत.

पहिली गोष्ट माणसांची पारख. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईस 'तलवार' या तळावर नाविकांचे बंड सुरू झाले. तो तळ संदेशवहनाचे शिक्षण देणारी शाळा होता. तेथील पोरे शिकलेली, बिनतारी यंत्रे जाणणारी. आणि त्यांच्यावरील अधिकाऱ्यांसही त्या विद्येची वाण नव्हती. वाण होती ती माणूस ओळखण्याची. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्याच्या तोंडचे अपशब्द यांनी त्या शिकलेल्या पोरांचा संयम सुटला, आणि पाहता पाहता सुमारे वीस हजार नाविक त्यात सामील झाले. स्वराज्याची हवा त्या वेळी सर्वत्र होतीच. परंतु ठिणगी पडली ती जेवणाच्या ताटात व शिव्यांत. यंत्र उत्तम चालविणारा माणसेही उत्तम चालवील असे नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता?

दुसरी गोष्ट म्हणजे विशेषज्ञांचे ऐकून घेऊन शेवटचा निर्णय स्वतःच्या शिरावर घेणे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्याजवळ 'खुकरी' ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीने बुडविली. अठरा अधिकारी व एकशेशहात्तर नाविक तिच्यासह गेले. पाण्याखालील पाणबुडी ध्वनिलहरींनी शोधणाऱ्या सोनार यंत्राचा टप्पा वाढविण्याची एक चाचणी त्या नौकेवर चालू होती आणि तीसाठी वेग कमी ठेवला होता, असे नौदलाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. यंत्र शोधणाऱ्यास मंद गती हवी, आणि पाणबुडीपासून बचाव हवा असेल तर गती हवी. या दोहोंत निवड करावयाची ती कप्तानाने. तो निर्णय योग्य होता की नव्हता, याचा वाद जाणकारांत अद्याप चालतो. आम्ही घरी बसून त्यात निवाडा देणार नाही. मात्र कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी त्याची किंमत कशी चुकती केली, हे सर्वांस ठाऊक आहे. आपली माणसे नौकेतून उतरविता येतील तितकी उतरवून ते स्वतः तिच्यासह बुडाले.

याच जातीचे दुसरे उदाहरण शांततेच्या काळातील आहे. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी 'सिंधुरत्न' या पाणबुडीत धूर होऊन दोन अधिकारी मृत्यू पावले. त्या वेळचे नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी पाणबुडीविरोधी युद्धात निष्णात होते. पाणबुडीच्या पोटातील तारा व बॅटऱ्या हा काही त्यांचा विषय नव्हे. तरीही, गेल्या काही महिन्यांतील अपघातांची नैतिक जबाबदारी घेऊन त्यांनी त्याच दिवशी पद सोडले. 'तो माझा विभाग नव्हे' हे वाक्य विशेषज्ञास शोभते. आधिपत्य करणाऱ्यास ते उच्चारता येत नाही.

आता प्रश्न असा की, हा डोळा, ही पारख आणि ही जबाबदारी एखाद्या अभियंत्याच्या अंगी येऊच शकत नाही काय? येथेच आमचा रूढ व्यवस्थेशी मतभेद आहे.

ही रेषा आपल्याकडे इंग्रजांनी आणली. जुन्या इंग्रजी आरमारात एंजिनवाला हा हात काळे करणारा कारागीर समजला जाई. अधिकाऱ्याच्या बाहीवरील सोनेरी पट्टीचे वेटोळे त्यास १९१५ पर्यंत मिळाले नव्हते. आणि मिळाल्यावरही, हा दुसऱ्या जातीचा आहे हे दुरून कळावे म्हणून पट्ट्यांच्या मध्ये जांभळे कापड राहिलेच. रॉयल इंडियन मरीनमध्ये १९२८ साली ज्या पहिल्या हिंदी मनुष्यास अधिकारपद मिळाले, ते मुखर्जी नामक गृहस्थ अभियंता होते. पहिल्या हिंदी अधिकाऱ्यास असे दार मिळावे की जे कप्तानाच्या खोलीकडे जात नाही, हा योगायोग असेलही. आम्हांस मात्र त्यात थोडा हिशेब दिसतो.

तरी खुद्द इंग्रजांनीही ही भिंत पाडून पाहिली होती. १९०२ साली त्यांनी अशी योजना जाहीर केली की, सर्व मुलांस एकाच दारातून घ्यावे, एकत्र शिकवावे आणि मग वाटून द्यावे. जुन्या अभिमानापुढे ती टिकली नाही; वीसएक वर्षांत अभियंत्यांस पुनः निराळे काढण्यात आले. अमेरिकनांनी १८९९ सालीच कायदा करून अभियंत्यांस मुख्य शाखेत मिळवून टाकले. परंतु पुढे यंत्रे इतकी अवघड झाली की, केवळ यंत्रांसाठी वाहून घेतलेल्या अधिकाऱ्यांचा निराळा वर्ग त्यांसही करावा लागला. रिकोव्हर हा त्याच वर्गातला. १९३७ साली त्याने जहाजाच्या आधिपत्याचा मार्ग सोडून अभियांत्रिकी पत्करली, अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी सिद्ध करण्यास आपले आयुष्य दिले, आणि तरीही निवड मंडळाने त्यास रिअर ॲडमिरलच्या बढतीत दोनदा मागे ठेविले. अखेरीस अमेरिकन लोकसभेने गवगवा केला तेव्हा, १९५३ साली, त्यास तो हुद्दा मिळाला. विशेषज्ञाची कदर करण्यास निवड मंडळे किती कचरतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

त्याच देशातील दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. विमानवाहू नौकेचे आधिपत्य वैमानिकासच मिळावे, असा नियम तेथे १९२० नंतरच्या दशकात झाला. तेव्हा ज्या जुन्या अधिकाऱ्यांस तशा नौका हव्या होत्या, त्यांनी काय केले? अर्नेस्ट किंग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विमान चालविण्यास शिकला. हॉल्सी बावन्नाव्या वर्षी, नातवंडे खेळविण्याच्या वयात, तरुण पोरांच्या पंक्तीस बसून शिकला आणि १९३५ साली परीक्षा उतरला. दुसऱ्या महायुद्धात हे दोघेही आपल्या देशाच्या आरमाराचे मोठे सेनानी झाले. दार बंद होते, पण त्यास कडी आतून नव्हती. विद्या संपादन करणाऱ्यास ते उघडता येत होते. आपल्या अभियंत्यास हीच सोय नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

आणि ही सोय दिल्यास काय घडेल, याची झलक आपल्या नौदलाने स्वतःच दाखविलेली आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी हे संदेशवहनातील अधिकारी. १९७१ साली 'कामोर्ता' नौकेचे कप्तान म्हणून त्यांनी वीरचक्र मिळविले आणि निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णी येथे राहिले. एकट्या हिंदी मनुष्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. तो पुरा केला कमांडर दिलीप दोंदे यांनी. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून 'म्हादेई' घेऊन निघालेले दोंदे पुढील मे महिन्यात परत आले. ते मूळचे पाणबुडे, म्हणजे समुद्रात बुडी मारून काम करणारे अधिकारी. त्यानंतर १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून 'तारिणी' निघाली. तिच्यावर सहा स्त्री-अधिकारी होत्या. त्यांच्या प्रमुख लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी या नौकारचनाशास्त्रातील. म्हणजे आरंभी ज्यांचा उल्लेख केला त्या 'गोदावरी'च्या आरेखकांच्याच पंथातील. इतर पाचजणींत कोणी शिक्षण शाखेची, कोणी विमान-वाहतूक नियंत्रणातली. युद्धनौकेच्या आधिपत्याचा मार्ग यांपैकी एकीच्याही शाखेतून जात नव्हता. दोनशेचौपन्न दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, केप हॉर्नला वळसा घालून, वाटेत सुकाणूची यंत्रणा बिघडल्याने मॉरिशसला थांबून, त्या सहाहीजणी परत आल्या.

सतरा मीटरची शिडाची नाव म्हणजे क्षेपणास्त्रांची युद्धनौका नव्हे, हे आम्ही जाणतो. 'तारिणी'वर शत्रू नव्हता, अडीचशे नाविकांचा संसार नव्हता. परंतु पहारा होता, वादळ होते, थकलेली माणसे होती आणि शेवटचा निर्णय घेणारी एक व्यक्ती होती. ती व्यक्ती कोणत्या शाखेची, हे दक्षिण महासागराने विचारले नाही. त्यांनी आधी काय केले होते? प्रत्यक्ष पाण्यावर हजारो मैल शिकाऊ म्हणून काढले होते. आमचे म्हणणे एवढेच की, शाखा पाहू नये, हे मैल पाहावेत.

दुसरे उदाहरण कार्यकारी शाखेतीलच, परंतु तितकेच विचार करण्यासारखे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नौदलाने प्रथमच एका स्त्री-अधिकाऱ्याची युद्धनौकेच्या कप्तानपदी नेमणूक केल्याचे जाहीर केले. त्या मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी. मूळच्या त्या टेहळणी विमानातील निरीक्षक. नंतर 'चेन्नई' या विनाशिकेवर काम करून मग 'त्रिंकट' या नौकेच्या कप्तान झाल्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत स्त्रियांस युद्धनौकेवर दीर्घकाळ नेमतच नसत. म्हणजे त्यांची वाट समुद्रावरील अनुभव नाकारूनच अडविलेली होती. अनुभव घेऊ दिला, आणि वाट उघडली.

यावर जुने जाणते नाविक म्हणतील, 'जहाजे थोडी, उमेदवार पुष्कळ. कार्यकारी शाखेच्या तरुणासच पुरेसे दिवस समुद्रावर मिळत नाहीत. त्यात अभियंत्यांस वाटा दिला तर दोघेही अर्धवट राहतील.' हा आक्षेप पोकळ नाही. एका अभियंत्यास ब्रिजवर दोन वर्षे उभे केले तर तितके दिवस एका कार्यकारी अधिकाऱ्याची संधी जाते, आणि खाली एंजिनपाशीही एक जाणता माणूस उणा पडतो. शिवाय पुष्कळ अभियंत्यांस आधिपत्याची हौस नसते. यंत्राच्या सहवासातच त्यांस समाधान असते, आणि ते समाधान कमी प्रतीचे मुळीच नव्हे. म्हणून सर्वांस एका वाटेने हाका, असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजांची १९०२ सालची योजना त्याच अतिरेकाने फसली असावी, असे आम्हांस वाटते. परंतु शंभरांत दोन-तीन अभियंते असे निघतील की ज्यांस तीव्र इच्छा आहे. त्यांस पंचविशी-तिशीच्या दरम्यान एकदा ब्रिजवर पहाऱ्याची नेमणूक द्यावी, कार्यकारी शाखेचीच परीक्षा तितक्याच कडकपणे घ्यावी, उतरल्यास प्रथम लहान गस्तनौकेचे आधिपत्य द्यावे, आणि न उतरल्यास कोणताही बट्टा न लावता त्यांच्या मूळ कामावर पाठवावे. एझिमला येथील नौदल अकादमीत हल्ली कार्यकारी शाखेच्या मुलांसही अभियांत्रिकीची पदवी घ्यावी लागते. म्हणजे भिंतीच्या एका बाजूची माणसे दुसऱ्या बाजूची विद्या शिकतच आहेत. मग उलट दिशेने कोणी येऊच नये, हा हट्ट कशासाठी?

आता दोन शब्द पालकांसाठी. आपल्या भागात 'लातूर पॅटर्न' हा शब्द माहीत नाही असे घर विरळा. पंधराव्या वर्षी मूल दोन रस्त्यांपैकी एकावर उभे केले जाते: वैद्यक किंवा अभियांत्रिकी. त्यातून हजारो गरीब घरांचे भाग्य उजळले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु या घाईत मुलाने काय मागितले, हे ऐकावयाचे राहून जाते. नौदलात जावयाचे म्हणजे कोणत्या दारातून, हा प्रश्न दहावीतच विचारावा लागतो. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा आहे. २०२२ सालापासून तेथे मुलींसही प्रवेश आहे. अभियांत्रिकीच्या सामायिक परीक्षेतील क्रमांकावरूनही एझिमला येथे बोलावणे येते. मात्र तेथे कार्यकारी की तांत्रिक, ही वाटणी पुढे होते, हे ध्यानात ठेवावे. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था १९७७ सालापासून चालू आहे; दहावीनंतर तिची निवड परीक्षा असते. मुलींसाठी तशीच संस्था अलीकडे नाशिक येथे निघाली आहे. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती आम्ही सांगतो: मुलाचे डोळे आधी तपासून घ्या. कार्यकारी शाखेस दृष्टीची अट तांत्रिक शाखेपेक्षा कडक आहे.

ही शेवटची गोष्ट आम्हांस त्या मुलामुळेच कळली. वडिलांशी बोलणे झाल्यावर त्यास फळ्यावरील अक्षरे दुरून वाचावयास सांगितले, तेव्हा तो अडखळला. पुढे नांदेडच्या नेत्रवैद्याने चष्मा दिला. नंबर बराच निघाला. जहाज चालविण्याची इच्छा असलेल्या त्या मुलापुढे आता, नियमांप्रमाणे, अभियांत्रिकीचेच दार उरण्याचा संभव अधिक आहे. वडील समाधानात आहेत. मुलगा अभ्यास करतो आहे, परवा मधल्या सुटीत येऊन त्याने विचारले, "सर, इंजिनिअरला ब्रिजवर उभं राहू देतील असा नियम कधी होईल?" त्यास काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नाही, म्हणून हा लेख लिहिला.